किनारी नौवहन : रस्त्यावरचा भार समुद्राकडे

देशातील मालवाहतुकीचा फार मोठा भाग आज रस्त्यांनी होतो. त्याखालोखाल रेल्वेचा क्रमांक लागतो. समुद्रकिनाऱ्यालगतचा मार्ग व नद्या असे दोन्ही जलमार्ग एकत्र धरले, तरी त्यांच्या वाट्याला एकूण मालापैकी सुमारे ६ टक्केच माल येतो. ज्या देशाला तीन बाजूंनी समुद्र लाभला आहे त्याच्या बाबतीत ही विसंगती नजरेत भरण्याजोगी आहे. जो जड माल शेकडो किलोमीटर ट्रकांतून नेला जातो त्यातील काही भाग तरी जहाजांवर जावा, या हेतूने केंद्र शासनाने गेल्या दशकभरात अनेक निर्णय घेतले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘किनारी नौवहन अधिनियम, २०२५’ हा स्वतंत्र कायदा संमत झाला. या धोरणाचा आशय काय, व्यवहारात ते कोठे फळते व कोठे अडते, आणि गोवा व लगतच्या किनाऱ्याशी त्याचा संबंध कसा पोचतो, याची माहिती येथे दिली आहे.

प्रथम किनाऱ्याच्या लांबीविषयी थोडेसे, कारण शिक्षकवर्गाकडून हा प्रश्न हमखास विचारला जातो. भारताचा किनारा सुमारे ७,५१६ कि.मी. लांबीचा आहे, असे पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे छापले जात होते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात हा आकडा ११,०९८ कि.मी.च्या घरात गेला. समुद्र वाढला नाही आणि जमीनही वाढली नाही. जुनी मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, तर नवी मोजणी अधिक बारकाव्याच्या नकाशावरून झाली. त्यामुळे खाड्या, वळणे व भूशिरे हिशेबात आली. किनारी वाहतुकीच्या दृष्टीने या खाड्यांनाच महत्त्व आहे. लहान जहाज आत घेता येईल अशी जागा बहुधा तेथेच असते.

पाण्यावरील वाहतूक स्वस्त का पडते

रस्त्यावरील वाहनाला स्वतःचे व मालाचे ओझे चाकांवर तोलून, चढ चढत व उतारावर रोखत न्यावे लागते. पाण्यात तो भार पाणीच उचलून धरते. इंजिनाचे काम एवढेच, की पाण्याचा विरोध बाजूला सारत जहाज पुढे ढकलावयाचे. आणि वेग बेताचा ठेवला तर हा विरोधही बेताचाच राहतो. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या प्रकाशनांतून दिली जाणारी तुलना अशी आहे : एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो, रुळांवर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो भार हलवू शकते. एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ कि.मी., रेल्वेने ८५ कि.मी. व जलमार्गाने १०५ कि.मी. जातो. एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा खर्च रस्त्याने २ रुपये ५० पैसे, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे आणि जलमार्गाने १ रुपया ६ पैसे असा धरला जातो. हे दर काही वर्षांपूर्वीचे असल्याने आजची प्रत्यक्ष रक्कम वेगळी असणार. परंतु परस्परप्रमाण समजण्यास ते पुरेसे आहेत.

गोव्यातील वाचकांना हे सांगण्यासाठी आकड्यांची फारशी गरज नाही. मांडवी व जुवारी या नद्यांतून खनिजाच्या बार्जी ये-जा करताना येथील दोन पिढ्यांनी पाहिल्या आहेत. खाणीवरून निघालेला माल ट्रकने नदीकाठच्या जेटीवर येई, तेथे बार्जीत पडे आणि बार्ज तो मुरगाव बंदरात किंवा खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत पोचवी. दोन हजार टनांची एक बार्ज म्हणजे दहा टनी दोनशे ट्रक. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. ते सारे बंदरापर्यंत रस्त्यानेच नेण्याची कल्पनादेखील करवत नाही. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख बार्जींना बंद होते. त्या दिवसांत सुमारे १७ कि.मी. लांबीच्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरण्याची वाट त्यांना उपयोगी पडे. नदी, कालवा, खाडी व बंदर यांची इतकी सोयीस्कर साखळी देशात थोड्याच ठिकाणी आढळते. उलट, खाण ते जेटी हा जो अवघा काही किलोमीटरांचा टप्पा ट्रकांच्या वाट्याला होता, त्याच टप्प्यावर धूळ, अपघात व रस्त्यांची दुर्दशा यांच्या तक्रारी सर्वाधिक झाल्या.

मग माल ट्रकनेच का जातो

पाण्यावरील वाहतूक इतकी स्वस्त असताना व्यापारी ट्रक का पसंत करतो, हा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर मालाच्या दोन्ही टोकांना आहे. ट्रक कारखान्याच्या दारात भरतो आणि दुकानाच्या दारात रिकामा होतो. जहाजाचा माल मात्र कारखान्यातून ट्रकवर, ट्रकवरून धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजात, पुन्हा दुसऱ्या बंदरात धक्क्यावर व तेथून ट्रकवर असा हाताळावा लागतो. प्रत्येक चढउतारीस मजुरी, यंत्रभाडे, बंदरशुल्क, मोडतोड आणि वेळ लागतो.

हिशेबासाठी असे मानू, की दोन्ही टोकांची हाताळणी व लहान ट्रकफेऱ्या मिळून टनामागे ५०० रुपये जादा पडतात. वर दिलेल्या दरांनी पाण्यावर टनामागे दर किलोमीटरला १ रुपया ४४ पैसे वाचतात. म्हणजे हे ५०० रुपये भरून निघण्यास सुमारे ३५० कि.मी.चा प्रवास हवा. त्याहून कमी अंतरावर ट्रक स्वस्त, त्याहून अधिक अंतरावर जहाज स्वस्त. आता समजा, जहाजाला परतीचा माल मिळाला नाही आणि रिकाम्या फेरीचा सर्व खर्च जाण्याच्या मालावर पडला. मग जहाजाचा दर दुप्पट, म्हणजे २ रुपये १२ पैसे होतो. बचत अवघी ३८ पैसे उरते आणि तोच हिशेब १,३०० कि.मी.च्या पलीकडे जातो. ही ५०० रुपयांची रक्कम उदाहरणादाखल घेतलेली आहे; पण धोरणातील जवळजवळ प्रत्येक कलम या साध्या हिशेबातील एखादी संख्या कमी करण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

यावरून कोणता माल समुद्रमार्गाने जाण्याजोगा आहे, हेही उमगते. बेळगावची भाजी चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून काही तासांत गोव्याच्या बाजारात येते. ती ट्रकनेच येत राहील आणि तसेच होणे इष्ट आहे. कोळसा, सिमेंट, खते, पोलाद, लाद्या, धान्य, मीठ, तेल, मोटारगाड्या यांची गोष्ट निराळी. त्यांचे वजन मोठे, घाई कमी आणि खप ठरावीक असतो. ओडिशातील तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीपला येतो आणि तेथून जहाजाने तमिळनाडूच्या वीजकेंद्रांकडे जातो. सौराष्ट्रात कोडीनारजवळ मूळद्वारका येथे एका सिमेंट कंपनीने १९९० च्या दशकात स्वतःचे बंदर उभारून सुटे सिमेंट जहाजांनी सुरत व मुंबईकडे नेण्यास आरंभ केला. पोती भरण्याचे काम जहाज उतरल्यावर होई. पोत्यांची चढउतार वाचली, म्हणजे वरील हिशेबातील ५०० रुपयांचा आकडाच खाली आला. (कोडीनार महाल हा जुन्या बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतातला. ओखा बंदराची उभारणीही त्याच संस्थानाने केली, ही गोष्ट बडोद्याच्या मराठी वाचकांना ज्ञात असेलच.) मोरबीच्या लाद्या कच्छच्या बंदरांतून कंटेनरांत केरळपर्यंत जातात, त्याचेही कारण हेच.

राखीव किनाऱ्याचा इतिहास

एका देशाच्या दोन बंदरांमधील व्यापार त्याच देशाच्या जहाजांसाठी राखून ठेवण्याच्या पद्धतीस ‘कॅबोटाज’ म्हणतात. हा शब्द परका असला तरी त्यामागची मागणी आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्याइतकी जुनी आहे. ब्रिटिश अमलात किनारी व्यापारदेखील परकीय कंपन्यांच्या हाती होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला आणि तिचे प्रवर्तक, मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना दरयुद्धाला दीर्घकाळ तोंड द्यावे लागले. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावा, असे विधेयक सरभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते. त्याला कायद्याचे रूप लाभले नाही. १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने किनारी व्यापार शंभर टक्के भारतीय जहाजांकडे असावा, अशी शिफारस केली आणि स्वातंत्र्यानंतर ती अमलात आली. पुढे १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमात यासाठी स्वतंत्र भाग घालण्यात आला.

आरक्षण मिळाले, पण माल वाढला नाही, ही गोष्ट मान्य करावयास हवी. रस्ते सुधारले, ट्रक वाढले, जहाजे जुनी होत गेली आणि लहान बंदरे गाळाने भरली. कोकणात मुंबईची बोट थांबत असे त्या बंदरांपैकी बहुतेक ठिकाणी आज धक्क्याचे दगड व जुनी जकात कचेरी एवढेच उरले आहे.

या अनुभवातून शासनाची भूमिका हळूहळू बदलत गेली. २०१२ मध्ये कोचीच्या वल्लारपाडम येथील कंटेनर तळापुरते आरक्षण सैल करण्यात आले, कारण भारताचा माल कोलंबो येथे जहाज बदलून पुढे जात होता. सप्टेंबर २०१५ मध्ये मोटारी वाहून नेणाऱ्या व तत्सम खास जहाजांना पाच वर्षांची सूट मिळाली. २०१८ मध्ये निर्यात-आयातीचे भरलेले कंटेनर, रिकामे कंटेनर, तसेच ठरावीक अटींवर शेतमाल, मत्स्यमाल व खते वाहून नेण्यास परकीय जहाजांना परवान्याविना मोकळीक देण्यात आली. भारतीय जहाजमालकांनी यास विरोध केला. परकीय ध्वजाच्या जहाजाला करांचा व खलाशांविषयीच्या नियमांचा भार कमी असतो, तेव्हा ही स्पर्धा समान पातळीवरची नाही, असे त्यांचे म्हणणे. ते सहज झटकून टाकण्याजोगे नाही.

२०२५ च्या अधिनियमाने १९५८ च्या कायद्यातील किनारी व्यापारविषयक भागाची जागा घेण्याची तरतूद केली. विधेयक लोकसभेत एप्रिलमध्ये व राज्यसभेत ऑगस्टमध्ये संमत झाले. त्यानुसार भारतीय जहाजांना किनारी व्यापारासाठी परवान्याची अट उरत नाही. परकीय जहाजांना मात्र नौवहन महासंचालकांचा परवाना घ्यावा लागतो. किनारी व अंतर्देशीय नौवहनाची राष्ट्रीय योजना दोन वर्षांच्या आत तयार करावयाची असून तीत राज्यांचा सहभाग अपेक्षित आहे. किनारी मालाची एकत्रित नोंद ठेवणारा राष्ट्रीय माहितीसंग्रहही करावयाचा आहे. २०३० पर्यंत किनारी माल २३ कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट शासनाने जाहीर केले आहे.

सवलती व सोयी

कायद्याआधीपासून ज्या आर्थिक सवलती लागू झाल्या त्यांपैकी मुख्य तेवढ्याच येथे सांगणे पुरे. मोठ्या बंदरांत किनारी जहाज व माल यांचे शुल्क परदेशगामी जहाजांच्या शुल्काच्या ६० टक्क्यांहून अधिक नसावे, असा दंडक घालण्यात आला. औष्णिक कोळसा, खनिज तेल व लोहखनिज यांना तो लागू नव्हता. २०१४ पासून किनारी जहाजांना धक्का देण्यात प्राधान्य मिळू लागले. जहाजाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण दोन दिवसांच्या प्रवासासाठी तीन दिवस बंदराबाहेर नांगर टाकून थांबावे लागले तर स्वस्ताईचा हिशेबच कोसळतो. सप्टेंबर २०१६ मध्ये रो-रो जहाजांतून जाणाऱ्या वाहनांसाठी दोन वर्षे ८० टक्के सूट जाहीर झाली. जहाजाच्या इंधनतेलावरील वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०१७ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. सागरमाला कार्यक्रमातून (मंजुरी २०१५) किनारी मालासाठी वेगळे धक्के बांधण्यास अनुदान देण्यात आले. २०१३ मध्ये ‘नदी-सागरी जहाज’ हा नवा वर्ग निर्माण केला गेला; किनाऱ्यालगतच्या मर्यादित पट्ट्यात चालणाऱ्या या जहाजांना महासागरी जहाजाइतकी महाग बांधणी व मोठा कर्मचारीवर्ग लागत नाही, आणि तीच जहाजे नदीतही शिरू शकतात. गोव्यासारख्या प्रदेशाला या सर्वांत हीच तरतूद अधिक उपयोगी ठरावी.

रो-रो : घोघा, दहेज आणि हजीरा

रो-रो म्हणजे काय, हे गोव्यातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. चोडण-रायबंदर फेरीबोटीवर वाहन चालवीत चढावयाचे आणि पैलतीरी चालवीत उतरावयाचे, हेच त्याचे तत्त्व. मालाला हात न लावता ट्रकच जहाजावर घ्यावयाचा. म्हणजे हाताळणीचा खर्च जवळजवळ संपतो. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड व वेर्णे यांदरम्यान ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर नेण्यास सुरुवात केली, तीही कल्पना हीच.

खंबायतच्या आखातातील प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सौराष्ट्रातील घोघा आणि भडोचजवळचे दहेज ही दोन ठिकाणे समोरासमोर असून रस्त्याने मात्र आखाताला वळसा घालून सुमारे ३१० कि.मी. जावे लागे. समुद्रावरून हे अंतर सुमारे ३० कि.मी. आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये येथे प्रवासी सेवा सुरू झाली, २०१८ मध्ये वाहनेही जाऊ लागली. परंतु या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्या आसपास जातो व पाण्याबरोबर गाळाचे प्रचंड लोट फिरत असतात. दहेजच्या बाजूस गाळ साचत गेला, जहाजाला पुरेशी खोली राहिली नाही आणि सेवा बंद पडली. जहाज होते, गिऱ्हाईक होते, धक्काही होता. उणीव होती ती काही मीटर पाण्याची. अखेर ८ नोव्हेंबर २०२० रोजी घोघा-हजीरा असा वेगळा मार्ग सुरू करण्यात आला. त्यामुळे ३७० कि.मी.चा रस्ता सुमारे ९० कि.मी.वर आला आणि मालाला लागणारे दहा-बारा तास सुमारे चार तासांवर आले. एका फेरीत तीस अवजड ट्रक नेण्याची त्या जहाजाची क्षमता होती. धक्का बांधण्यापूर्वी गाळाचा अभ्यास आणि बांधल्यानंतर गाळ उपसण्याची कायमची तजवीज, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

पावसाळा व अपघात

पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट हा काळ पारंपरिक गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा. नारळी पौर्णिमेस समुद्र शांत झाल्याचे मानून पुन्हा पाण्यात शिरावयाचे, हा क्रम कित्येक शतकांचा आहे. यांत्रिक जहाजे पावसाळ्यातही चालतात. पण १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली, ती आठवण कोकणात अद्याप पुसलेली नाही. बारमाही वाहतूक हवी असेल तर बारमाही सुरक्षित बंदर हवे, आणि पश्चिम किनाऱ्यावर अशी बंदरे मोजकीच. गोवा मुक्तीनंतर देशातील मोठ्या बंदरांत समाविष्ट झालेले मुरगाव हे त्यांपैकी एक होय.

अलीकडील एक घटनाही दुर्लक्षिता येणार नाही. २५ मे २०२५ रोजी विळिंजमहून कोचीकडे जाणारे ‘एमएससी एल्सा-३’ हे लायबेरियाच्या ध्वजाचे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. जहाजावरील चोवीसही जण बचावले. परंतु ६४० कंटेनरांपैकी तेरांत घातक पदार्थ होते आणि फुटलेल्या कंटेनरांतील प्लास्टिकचे कण किनाऱ्यावर दूरवर वाहून आले. मच्छीमारांचा धंदा काही काळ ठप्प झाला. ट्रक उलटला तर एक वळण अडते. जहाज बुडाले तर अनेक गावांचा समुद्र अडतो. रस्त्यावरचा धोका कमी करताना किनाऱ्यावर नवा धोका येतो, त्याची भरपाई कोणी व कशी करावी, जहाजांचे मार्ग मासेमारीच्या क्षेत्रांतून कसे आखावे, याचा विचार २०२५ च्या कायद्याखालील योजनेत सविस्तर व्हावयास हवा. वास्कोतील कोळशाच्या धुळीविषयी रहिवाशांनी वर्षानुवर्षे केलेल्या तक्रारींचाही संबंध येथेच पोचतो. समुद्रमार्गाने आलेला माल धक्क्यावर उघडा पडत असेल, तर रस्त्याचा भार बंदरालगतच्या वस्तीवर ढकलला जातो, एवढेच.

गोव्यापुढील प्रश्न

२०१२ व पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा बार्जींचा ताफा जागच्या जागी गंजू लागला. बार्जमालक, तांडेल, खलाशी व दुरुस्तीच्या गोद्यांतील कामगार यांचा रोजगार गेला. एकाच मालावर उभी राहिलेली जलवाहतूक त्या मालाबरोबरच बसते, हे तेव्हा दिसून आले. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने मांडवी (क्र. ६८), जुवारी (क्र. १११) व कुंभारजुवे (क्र. २७) यांसह गोव्यातील सहा जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. दर्जा मिळाल्याने माल मिळत नाही. सिमेंट, पोलाद, खते, इंधन असा जो माल आज महामार्गाने गोव्यात येतो, त्यातील किती मुरगावला उतरवून नदीमार्गे आतील जेटींवर नेता येईल आणि परतीस कोणता माल मिळेल, याची तालुकावार मोजदाद हाच खरा आरंभ ठरेल.

दुसऱ्या बाजूने, नदीकाठच्या गावांना आपल्या घाटाचे, मासेमारीचे व खाजन शेतीचे काय होणार, हे जाणण्याचा पूर्ण अधिकार आहे. जलद चालणाऱ्या जहाजांच्या लाटांनी बांध खचतात, ही खाजन जमिनींच्या शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ज्या बंदर प्रकल्पांना जनसुनावणी लागू होते, त्यांच्या सुनावणीपूर्वी लोकांना किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो व तो जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत पाहावयास मिळतो. सुनावणीस हजर राहता न आल्यास लेखी म्हणणे पाठविता येते. पंचायत सचिवांनी असा सारांश आल्याबरोबर त्याची सूचना फलकावर लावावी आणि गावातील शिक्षकांनी ग्रामस्थांसमोर तो वाचून दाखवावा, म्हणजे तीस दिवसांची मुदत कागद शोधण्यात संपणार नाही.